हात ठेवण्याची घाई

पाळकाच्या, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या धर्मगुरूच्या, दीक्षेचा विधी ज्यांनी कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. बाहेरून बघणाऱ्याला तो मोठा समारंभ वाटतो, आणि तसा तो असतोच. मांडव पडतो, बिशपसाहेब येतात, गावोगावचे पाळक पांढरे झगे घालून ओळीने चालतात, गायनमंडळाच्या तालमी महिनाभर आधीपासून चालू असतात आणि शेवटी सगळ्यांना जेवण असतं. पण नेमकी दीक्षा म्हणाल तर ती चार-पाच मिनिटांची. उमेदवार गुडघे टेकतो, बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, बाजूचे दीक्षित पाळकही पुढे होऊन हात लावतात, प्रार्थना होते, उमेदवार उठतो. एवढ्या जणांचे हात एकदम पडले की मान खाली दबते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात गुडघ्यावर बसून पायाला मुंग्या आलेल्या. फोटोत मी जो गहिवरलेला दिसतो, त्यात निम्मा वाटा त्या पायाचा आहे.

तिथपर्यंत पोचायला किती काळ गेला याचा हिशेब मांडत बसत नाही. निघालो तेव्हा मिशी धड फुटली नव्हती आणि पोचलो तेव्हा कानशिलं पांढरी झाली होती, एवढं पुरे.

मधल्या काळात एक वचन मी इतक्या तोंडांनी ऐकलं की त्याचा राग यायला लागला होता. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात ते आहे. कोणावर हात ठेवण्याची घाई करू नको, असं म्हातारा पौल तरुण तीमथ्याला बजावतो. म्हणजे माणूस पारखून घेतल्याशिवाय त्याला दीक्षा देऊ नको. सल्ला शहाणपणाचा आहे. त्याच पत्रात दोन अध्याय आधी असंही म्हटलंय की मंडळीचा, म्हणजे एका चर्चच्या लोकांचा, अध्यक्ष नवशिका नसावा, नाहीतर तो गर्वाने फुगायचा. असे फुगलेले मी पाहिलेत, त्यामुळे पौलाशी माझं भांडण नाही. माझं भांडण हे वचन सांगणाऱ्यांशी आहे. ज्याला खरंच माणूस पारखायचा आहे तो हेच वचन सांगतो आणि ज्याला कागदावर सही करायचा कंटाळा आलाय तोही हेच सांगतो. घाई न करणं निराळं आणि फाईल धूळ खात पडणं निराळं. दोन्हींत उमेदवार थांबलेलाच असतो, म्हणून लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. बाहेरच्यांना सोलापूर म्हटलं की चादर आणि शेंगाचटणी आठवते. आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळल्या जात. आई सकाळी तेंदूची पानं भिजवायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. घरातलं उरकलं की पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने ती एकसारखी कापायची. मग सूप मांडीवर, सुपात तंबाखू, आणि बोटं चालू. चिमटीभर तंबाखू पानावर पसरायची, पान वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं ती न बघता करायची. नजर चुलीवर, माझ्या वहीवर नाहीतर दारातून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर असायची. पंचवीस विड्या झाल्या की एक बंडल. संध्याकाळी माल कारखान्यात द्यायला गेलं की तपासणारा त्यातल्या काही विड्या बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत, पण पानतंबाखू आणि मेहनत तर त्यातही गेलेली असते.

अशा घरातला मुलगा पुण्याला बी.डी. करायला निघाला. बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पाळक होण्यासाठी घ्यायची ती पदवी. आमच्या शेजारच्या तेलुगू आजींनी आईला गंभीरपणे विचारलं, "बीडीच करायची तर पुण्याला कशाला पाठवलालीस? घरात काय कमी हाय?" आई पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगून हसायची.

आमचं घराणं मंडळीत कसं आलं, ते आजीच्या तोंडून ऐकलेलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला गेले आणि १८६० च्या दशकात सोलापुरात आले. मुलींची शाळा, बालवाडी, बालवाडीच्या शिक्षिका तयार करणारी मेरी बी. हार्डिंग यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा, असं बरंच काही त्यांनी इथे उभं केलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात माझी पणजी पोरकी होऊन मिशनच्या आश्रयाला आली आणि तिथेच वाढली. धर्माबद्दल तिला तेव्हा किती कळत होतं, देव जाणे. भाकरी मिळत होती एवढं कळत असणार. 'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा आमच्या घराने तीन पिढ्या ऐकला आणि मला त्याची लाज वाटत नाही. उपाशी पोरीला भाकरी देणाऱ्याचा देव तिला खरा वाटला, यात तिचं काय चुकलं?

पण त्या टोमण्याची दुसरी बाजू सरकारी कागदावर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. आमच्या भाऊबंदांतल्या एका घराला तो दाखला मिळतो, आमच्या घराला मिळत नाही. गावातल्या पारावर मात्र दोन्ही घरांची जागा एकच होती. शिकायला निघालेल्या मुलाला हे कुठल्या पुस्तकात वाचावं लागत नाही, फॉर्मचा रकाना भरताना कळतं.

तर पाचारण. पाळक व्हायचं म्हटलं की मुलाखतीत पहिला प्रश्न हाच असतो: तुम्हाला देवाचं पाचारण कसं झालं? समोरच्यांना काहीतरी घडलेलं हवं असतं. अपघातातून वाचलो, स्वप्नात आवाज ऐकला, दारू सुटली. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, दमास्कसच्या वाटेवर प्रकाश दिसला होता, तसं काहीतरी. मी बापडा सात रस्त्यावरून सायकलने येणारा माणूस, मला प्रकाश दिसायचा तो समोरच्या ट्रकचा. माझ्याकडे गोष्ट होती ती एवढीच, की आमच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांची नजर अधू होत चालली होती आणि घरभेटींना जाताना शास्त्र वाचायला त्यांना कुणीतरी लागायचं. मी वाचायचो. पाळकसाहेब मग त्यावर दोन शब्द बोलायचे, प्रार्थना करायचे, चहा व्हायचा, पुढचं घर. होता होता असं झालं की ते आजारी असले की लोक त्यांच्याऐवजी मला बोलवायला लागले. अंथरुणाला खिळलेल्या एका आक्कांना स्तोत्रसंहितेतलं एकशे एकविसावं स्तोत्र माझ्याच आवाजात लागायचं, दुसऱ्या कुणी वाचलं तर त्या सरळ सांगायच्या, "ह्याला वाचता येत नाही, त्या पोराला बोलवा." मुलाखतीत मी हे सांगितलं. एका सदस्यांनी विचारलं, "बरं, पण पाचारण?" मी म्हटलं, "हेच." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजची, वर्षं मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे मी खरं तर सुखात होतो. हुतात्मा एक्स्प्रेसने गेलं की पुणे, खोलीत पंखा, जेवायची सोय आणि वाचायला पुस्तकं. पदवीधरांना चार वर्षांचा अभ्यासक्रम, परीक्षा सेरामपूरच्या सिनेटची. सेरामपूर म्हणजे १८१८ मध्ये विल्यम केरी या मिशनऱ्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालात काढलेलं कॉलेज. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या द्यायची सनद दिली. मराठीतला नवा करार त्याच केरींनी तिथे १८११ मध्ये छापला. सोलापूरच्या पोराच्या प्रमाणपत्रावर हुगळीकाठच्या गावाचं नाव कसं, याचं उत्तर हे असं आहे.

हिब्रूने सगळ्यांचा घाम काढला, मला त्या मानाने सोपी गेली. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. आमच्या गल्लीच्या टोकाला उर्दू शाळा होती, पाट्या उर्दूत होत्या, शेजारचा सलीम पाटी घेऊन माझ्याच ओट्यावर बसायचा. डोळ्यांना ती दिशा ओळखीची होती. घाम काढला तो इंग्रजीने. देव, पाप, तारण, हे सगळं चार वर्षं इंग्रजीत शिकायचं आणि रविवारी ते मराठीत सांगायचं, तेही अशा बायकांना ज्या घरी तेलुगू नाहीतर कानडी बोलतात. सेमिनरीत या गोष्टीकडे कुणी फारसं बघत नाही असं माझं मत आहे, आणि ते मी तिथल्या शिक्षकांना तोंडावर सांगितलेलं आहे.

सुट्टीत घरी आलो की आई म्हणायची, बोल बघू काय शिकलास. ती विड्या वळत बसायची आणि मी समोर उभा राहून उपदेश करायचो. एकदा मी 'प्रायश्चित्तविषयक सिद्धान्त' असं काहीतरी सुरू केलं. तिची बोटं चालू होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तू कुणासंगं बोलालास?" मी म्हटलं, "तुझ्याशी." म्हणाली, "मग माझ्याकडं बघ की. त्या भिंतीला कशाला सांगतोस? आन् एक बंडल व्हायच्या आत संपव. त्याच्यापुढं माझं ध्यान तंबाखूकडं जातंय." आजही माझा उपदेश साधारण एका बंडलाएवढाच असतो. मंडळीला वाटतं, पाळकसाहेब वेळेचे पक्के आहेत.

पदवी घेऊन सोलापूरला आलो आणि खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. पदवी मिळाली म्हणजे दीक्षा मिळत नाही. स्थानिक मंडळीच्या समितीने शिफारस करायची, मग धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या मुलखाच्या, समितीने मुलाखत घ्यायची, मग परीक्षाकाल, मग आधी डीकन म्हणजे सहायक सेवक म्हणून दीक्षा, काही काळाने प्रेसबिटर म्हणजे पूर्ण पाळक म्हणून. ही रचना मला मान्य आहे. वकील, डॉक्टर यांनाही उमेदवारी करावीच लागते, आणि माणसाच्या मरणाच्या दारात उभं राहायचं काम करणाऱ्याला ती थोडी जास्तच हवी.

पण रचना आणि रहाटगाडगं यात फरक आहे. माझी शिफारस गेली. मुलाखत ठरली आणि कोरम भरला नाही म्हणून पुढे गेली. पुन्हा ठरली तेव्हा साहेब बदलले होते आणि नव्या साहेबांना सगळं नव्याने बघायचं होतं. मग जमिनीवरून कुठलासा वाद कोर्टात गेला आणि तो मिटेपर्यंत नव्या नेमणुका नकोत असं ठरलं. माझा त्या जमिनीशी सात पिढ्यांचा संबंध नव्हता. दर वेळी विचारायला गेलो की कचेरीतले गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "धीर धरा. मोशेने चाळीस वर्षं मेंढरं राखली." इस्राएल लोकांना गुलामीतून सोडवायला निघण्याआधी मोशेने तेवढी वर्षं रानात काढली असं बायबल सांगतं, त्यामुळे पहिल्यांदा मला ते बरं वाटलं. पुढे पुढे वाटायला लागलं की मोशेची मेंढरं तरी चरत होती.

याकोबाची गोष्ट मला त्या काळात जास्त जवळची वाटायची. राहेलीसाठी त्याने सात वर्षं तिच्या बापाकडे, लाबानाकडे, चाकरी केली, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तिची थोरली बहीण लेआ. मग राहेलीखातर आणखी सात वर्षांची चाकरी कबूल केली. याकोबाची निष्ठा म्हणून ही गोष्ट उपदेशात येते. लाबानाने फसवलं, हे मात्र कुणी फार ठासून सांगत नाही. बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक सांगतं, सरळ सांगतं. आपल्या लोकांना निष्ठावंतांच्या गोष्टी आवडतात आणि त्यांना राबवून घेणाऱ्यांचा विषय निघाला की घसा खवखवतो.

दुसरीकडे, खरा उशीर कसा असतो तेही मी याच काळात वाचलं. उत्तर भारतातल्या मंडळ्या एक करायची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया नागपुरात जन्माला आली ती २९ नोव्हेंबर १९७० ला. मध्ये एक्केचाळीस वर्षं. सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या होत्या, आणि अडून राहिलेल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक हाच होता: दीक्षा कुणाची खरी? अँग्लिकनांना, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्यांना, बिशपच्या हाताशिवाय दीक्षा पुरी वाटत नव्हती. आमच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेत बिशप नव्हतेच, आणि आमचे पाळक म्हणायचे, आमच्यावर पुन्हा हात ठेवायचे म्हणजे आजवरचं आमचं पाळकपण खोटं होतं का? दक्षिणेत १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया झाली तेव्हा त्यांनी आधीच्या सगळ्या पाळकांना होते तसे स्वीकारलं आणि पुढच्या दीक्षा बिशपच्या हातून ठरवल्या. उत्तरेत तोडगा निराळा निघाला. एकीकरणाच्या उपासनेत वेगवेगळ्या परंपरांच्या दीक्षित सेवकांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. कुणी कुणाला खोटं ठरवलं नाही, आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडून काहीतरी घेतलं. एवढं सुचायला एक्केचाळीस वर्षं लागली असतील तर लागोत. तिथे माणसं भांडत होती, मसुदे लिहीत होती, फाडत होती. माझ्या फाईलवर कुणी भांडलं असतं तर मला आनंद झाला असता.

पोटाचं काय, हा प्रश्न होताच. एका यंत्रमागवाल्या मालकांकडे मी जमाखर्च लिहायला लागलो. मालक पद्मशाली, सज्जन माणूस, रविवारी मला कधी बोलावलं नाही. पौल तंबू शिवून पोट भरायचा, बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत तसं लिहिलंय. कापडाच्या धंद्यातला माणूस होता म्हणायचा. सोलापुरात त्याला काम लगेच मिळालं असतं. पण घर खरं चाललं ते बायकोच्या पगारावर. ती नर्स. माझ्या चिकाटीचं कौतुक करणारे लोक भेटतात तेव्हा मी त्यांना सांगतो, त्या चिकाटीतल्या नाइट ड्यूट्या हिने केल्यात. ते हसतात. मी विनोद करत नसतो.

अधूनमधून माझा सेमिनरीतला एक मित्र यायचा. तो वाट बघून कंटाळला आणि स्वतंत्र मंडळी काढून बसला. सहा महिन्यांत त्याच्या नावाचा फ्लेक्स लागला, नावामागे 'पास्टर', खाली मोबाईल नंबर. मला म्हणायचा, "काय बे, अजून लायनीतच का? ये की इकडं." त्याला हसणं सोपं आहे आणि आमच्या जुन्या मंडळीतले लोक हसतातही. मी नाही हसत. रात्री दोन वाजता झोपडपट्टीत कुणाच्या घरी दारूवरून मारामारी झाली तर तो जातो. आमचे कितीतरी दीक्षित लोक फोन उचलत नाहीत. पण मी गेलो नाही. का गेलो नाही याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता वाटतं, मला ज्यांच्यामध्ये राहायचं होतं ती माणसं इथे होती. त्या आक्का इथे होत्या.

आणि काम थांबलेलं नव्हतंच. दीक्षा नसलेल्या माणसाला मंडळीत काय काय करता येतं याची यादी मोठी आहे. उपदेश करता येतो, प्रार्थना चालवता येते, शब्बाथ शाळा घेता येते, घरभेटी, दवाखाना, दफन. ज्या थोड्या गोष्टी येत नाहीत त्यांत मुख्य म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी. ते दीक्षित पाळकानेच चालवायचं. जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत मी दर रविवारी जायचो. तिथे महिन्यातून एकदा दीक्षित पाळक यायचे आणि त्या दिवशी प्रभुभोजन. शनिवारी रात्री काळे मनुके भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, गाळून थंड करायचे, तो द्राक्षरस. पावाच्या कडा कापून बारीक चौकोन करायचे. पितळेच्या तबकात काचेचे इवलेसे पेले मांडून प्रत्येकात रस ओतायचा, सांडू द्यायचा नाही. पांढऱ्या कापडावर डाग पडला की तिथल्या मावशी रविवारभर तोंड फिरवून बसायच्या. हे सगळं मी करायचो. मग पाळकसाहेब यायचे, झगा चढवायचे आणि मी बाजूला व्हायचो.

एकदा त्यांची एसटी मोहोळजवळ बंद पडली. मंडळी बसलेली, मेज मांडलेलं, पेले भरलेले. एक वडील माझ्या कानाशी लागले, "मास्तर, तुमीच करा की. देवाला काय कळत न्हाई व्हय?" मी नाही म्हटलं. रस पुन्हा भांड्यात ओतला, पाव पोरांना वाटला, उपदेश केला आणि उपासना संपवली. नियमाचा धाक होता म्हणून नव्हे. उद्या मला कुणी विचारलं असतं की तुला हा अधिकार कुणी दिला, तर मला 'एसटी बंद पडली' हे उत्तर द्यायचं नव्हतं. त्या दिवशी मात्र घरी येताना मला फार चीड आली, आणि ती त्या एसटीवर नव्हती. मंडळीला प्रभुभोजन मिळालं नाही, आणि ते देऊ शकेल असा, शिकलेला, पारखलेला, शिफारस झालेला माणूस तिथेच उभा होता. धीर धरा म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे यायला हवं होतं. उमेदवार थांबतो तेव्हा त्याच्या मागे एक अख्खी मंडळी थांबलेली असते, ती कुठल्याच मुलाखतीत बोलवली जात नाही.

आम्हाला टिळकांचंही उदाहरण देतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हाच नावाजलेले कवी. दीक्षित पाळक व्हायला त्यांनाही पुढे वर्षं जावी लागली, तर तुमचं काय घेऊन बसलात, असा सूर असतो. पण टिळक त्या वर्षांत गप्प बसले होते का? ते लिहीत होते, शिकवत होते. त्यांची पदं 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातून आम्ही दर रविवारी म्हणतो. आणि ज्या मिशनमध्ये त्यांनी एवढी वर्षं काढली, त्या मिशनचा पगार त्यांनी १९१७ मध्ये सोडून दिला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा काढला. टिळकांचं उदाहरण देणारे लोक ही शेवटची गोष्ट सहसा सांगत नाहीत.

माझी दीक्षा झाली ती शेवटी कशी? चमत्कार वगैरे काही नाही. त्या लहान मंडळीतल्या मावशींनी, कापडावर डाग पडला की रुसणाऱ्या त्याच, बायकांना गोळा केलं, एक अर्ज लिहवून घेतला, त्यावर सह्या आणि अंगठे घेतले आणि टेम्पो करून त्या थेट कचेरीत जाऊन बसल्या. डबे घेऊन गेल्या होत्या, कडक भाकरी आणि चटणी, म्हणजे दोन दिवस बसायची तयारी. कचेरीतल्या गृहस्थांनी त्यांनाही मोशेचं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मोशे चाळीस वर्षांनी निघाला की न्हाई? मग ह्याला कवा काढताव, तारीख सांगा." तारीख मिळाली. हे मला नंतर कळलं. मला विचारलं असतं तर मी जाऊ नका म्हणालो असतो, म्हणूनच विचारलं नव्हतं.

आई दीक्षेला होती. विधी झाल्यावर माझ्या झग्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "बिशपसाहेबांचा उपदेश दीड बंडल झाला."

हे सगळं आता लिहायचं कारण, आमच्या मंडळीतल्या एका मुलीला सेमिनरीत जायचंय. बी.कॉम. झालीये, संडे स्कूल घेते, रुग्णभेटींना एकटी जाते. आमच्या मंडळीत बायकांना दीक्षा घ्यायला नियमाची आडकाठी नाही, आडकाठी असते ती लोकांच्या मनात. तिच्या वडिलांनी मला विचारलं, मुलीच्या जातीला हे जमेल का. मी म्हटलं, तुमच्या मुलीची शिफारस करताना मला एकच काळजी आहे, तिला जमेल की नाही ही नव्हे, आम्हाला जमेल की नाही ही. तिला पारखू. दोन वर्षं पारखू, उपदेश ऐकू, चुका दाखवू, नाही जमलं तर नाही म्हणून तोंडावर सांगू आणि लेखी देऊ. पण काय ते ठरावीक मुदतीत सांगू.

येत्या रविवारी उपासनेनंतर समितीची सभा आहे. चिटणीसांनी विषयपत्रिका पाठवली तेव्हा छताची गळती पहिली होती, स्मशानभूमीची भिंत दुसरी, नाताळचा हिशेब तिसरा आणि तिची शिफारस सगळ्यांत खाली, 'आयत्या वेळच्या विषयां'च्या वर. मी ती पहिल्या क्रमांकावर घेऊन परत पाठवलीये. चिटणीसांचा फोन आला, "पाळकसाहेब, छत गळतंय हो." मी म्हटलं, गळू द्या, पावसाळ्याला अजून वेळ आहे. आणि त्या बायकांना सांगून ठेवलंय, रविवारी डबे घेऊनच या.